हरकत ऐकू आली नाही

११ जाने., रवि.

आजही नाही. हॅम रेडिओचं बटण दाबलं, कॉलसाइन (माझं परवान्यावरचं नाव) सांगितलं, बटण सोडलं, कान लावून बसले. रिपीटरने, म्हणजे आवाज उचलून पुढे फेकणाऱ्या डोंगरावरच्या यंत्राने, आपलं ऐकलं असेल तर तो लगेच शेपूट सोडतो: जराशी खरखर, मग एक बारीक टिक. ठाकुर्लीत, माझ्या घरी, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लक्षसुद्धा जात नसे. इथे बाळकुमला मुलाकडे आल्यापासून ती टिक ऐकलेली नाही.

तो मात्र मला लख्ख ऐकू येतो. येणारच. मलंगगडाकडच्या डोंगरावर बसून पार कर्जतपर्यंत बोलतो. माझा हँडसेट पाच वॉटचा, अँटेना वीतभर रबराची, खिडकी पश्चिमेला येऊरकडे. डोंगर बरोबर पाठीमागे आणि मधे आमचीच इमारत. एकदा अलिबागहून एक गृहस्थ एवढ्याच ताकदीवर माझ्या नेटवर, म्हणजे रेडिओवरच्या रविवारच्या बैठकीत, साफ आले होते. अंतराचं काही नसतं, डोंगर दिसायला हवा.

थोडक्यात, मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कोणाला नाही. या घरातही तेच चालू आहे, पण ते पुन्हा कधी.

१४ जाने., बुध.

सेक्रेटरी राणे तिळगूळ घेऊन आले. खिडकीबाहेर छोटी अँटेना लावू द्या, अर्ज पडून आहे, म्हटलं.
"मॅडम, रेडिएशनचा इश्यू आहे. लहान मुलं आहेत."
बी विंगच्या डोक्यावर मोबाइलचा मनोरा उभा आहे, त्याचं भाडं सोसायटी दर महिन्याला घेते. ते रेडिएशन बहुधा गंगाजलाने धुतलेलं असावं. असं म्हटलं तर हसले. केदार मागून म्हणाला, "आई, सणाच्या दिवशी कशाला?" म्हणजे चिरंजीव त्यांच्या बाजूने.
तिळगूळ कडक होता. दात माझे आहेत म्हणून निभावलं.

१८ जाने., रवि.

सकाळचं नेट आमच्या गटातल्या डबक्यांनी घेतलं. रविवारचं हे नेट मी वर्षानुवर्षं चालवलं. प्रत्येकाला नावाने पुकारायचं, हजेरी घ्यायची, दोन बोलण्यांच्या मधे श्वासभर जागा सोडायची. जागा यासाठी की कोणी अडचणीत असेल तर त्याला मधे शिरता यावं. डबके जागा सोडत नाहीत. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याला बोलावतात, मधल्या वेळात स्वतःच्या मधुमेहावर बोलतात.

शेवटी म्हणाले, "आपल्या आदरणीय ताई ऐकत असतील. त्यांना सगळ्यांतर्फे नमस्कार." ठाकुर्लीचे साळवी त्यावर बराच वेळ बोलले, त्यांच्या बिल्डिंगसमोर माझी गच्ची, माझी अँटेना, तिच्यावर बसणारी घार. साळवींना मी कायम "थोडक्यात, साळवी" म्हणून तोडत आले. आज कोणी तोडलं नाही. मीही बोलले, बटण दाबून, अगदी स्पष्ट: साळवी, थोडक्यात. उपयोग शून्य.

मग डबक्यांना फोन केला. म्हणाले, "ताई, आता तुम्ही निवांत ऐका. ऐकणं हीसुद्धा सेवाच आहे."
पुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२० जाने., मंगळ.

गेले. केदार आणि सून अमृता ऑफिसला निघाले आणि मी वॉकर घेऊन लिफ्टने खाली. हँडसेट भाजीच्या पिशवीत. गेटबाहेर मोकळा प्लॉट आहे, तिथून पूर्वेचं आकाश दिसतं. उभी राहिले, दाबलं, सोडलं.

टिक.

मांडीतल्या रॉडसकट नाचावंसं वाटलं. परत बोलले. साळवींचा आवाज आला, "कोणीतरी येतंय, फार तुटक, शब्द कळत नाहीत. पुन्हा बोला, ओव्हर." पुन्हा बोलणार तोवर मागून वॉचमन, "माताजी, ऊपर चलिए, साहब का फोन आया है."

केदार अर्धा दिवस टाकून घरी आला. मला वाटलं ओरडेल.
"दिवाळीत गच्चीवर कोणत्या अवस्थेत सापडलेलीस आठवतंय? त्या अँटेनाच्या काठीचा नट आवळायला शिडीवर चढलेलीस. मी फोन करत होतो, करत होतो..."
"आज मी वॉचमनला सांगून गेले होते."
"वॉचमनला!"

मुलगा वाईट नाही. घाबरलेला आहे. घाबरलेल्या माणसाशी वाद घालायची माझ्यात ताकद असती तर...

२१ जाने., बुध.

आजपासून जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. "सेफ्टीसाठी, आई, थोडे दिवस." दुसरी चावी समोरच्या म्हात्रेकाकींकडे, कामवालीला उघडून द्यायला आणि काही झालं तर.

चाळीस माणसांची लॅबोरेटरी चालवली मी एमआयडीसीत. ॲसिडच्या कपाटाच्या चाव्या माझ्या कमरेला असायच्या.

आणि दुसरी चावी दिली तर कोणाकडे? म्हात्रेकाकी! मी इथे आले त्याच आठवड्यात त्यांची पाण्याची पिंपं लॉबीत आडवी आली, वॉकर अडकला, म्हणून मी कमिटीला पत्र लिहिलं. इंग्रजीत, दीड पान. कमिटीने त्यांना नोटीस लावली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

२३ जाने., शुक्र.

दुपारी आतला दरवाजा उघडून जाळीपाशी खुर्ची टाकून बसले. दुसरं जायचं कुठे? काकींचंही दार उघडं, त्या उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होत्या.
मग त्या, मान वर न करता, "तो इंग्रजी कागद तुमीच लिवला ना?"
"मीच."
"माझे सुनेनी वाचून दाखवला. लई कडक."
"पिंपं आडवी होती."
"अवो, या बिल्डिंगखाली आमची भातशेती होती. पिंपं आडवी नाय, बिल्डिंग आडवी हाय."
मी खुर्ची जरा मागे घेतली. असं क्वचित होतं.

२५ जाने., रवि.

सविस्तर लिहायचं आहे.

नेटच्या शेवटी डबके म्हणाले, "ताईंच्या तब्येतीमुळे नेटची जबाबदारी कायमची माझ्याकडे घ्यावी असं सुचवतो. कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला, ओव्हर."

मी बटण दाबलं. कल्याणच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, शेवटच्या बाकावरच्या मुलीला ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर तू बोललीच नाहीस. तसं बोलले. कॉलसाइन, नाव, "माझी हरकत आहे." दोनदा. अमृता बाथरूममधून धावत आली, काय झालं म्हणून.

डबके: "हरकत ऐकू आली नाही. धन्यवाद. सर्वानुमते."

फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. नेटवरचं नेटवरच बोलायचं, हा नियम मीच घालून दिला होता. आणि खरं सांगायचं तर "ऐकणं हीसुद्धा सेवा" पुन्हा ऐकून घेता आलं नसतं.

जेवताना केदारने विषय काढला. ठाकुर्लीच्या घराला गिऱ्हाईक आहे, चांगलं कुटुंब, पुढच्या रविवारी दाखवायला जाऊ.
मी म्हटलं, "विकायचं नाही."
"अगं, आत्ता फक्त दाखवतोय."
"दाखवायचंही नाही. मी दोन महिन्यांसाठी आले आहे."
"आई, जेव ना आधी. निवांत बोलू."
जेवण झाल्यावर फोनवर एजंटला सांगताना ऐकलं, "हो हो, आईचं काही नाही. ती आमच्याकडेच असते आता."
मी त्याच खोलीत होते. हँडसेटही नव्हता मधे.

२७ जाने., मंगळ.

एक गोष्ट डोक्यात. काकींचं घर समोर, म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर पूर्वेला, खाडीकडे. आज जाळीतून विचारलं, "काकी, तुमच्या ओट्यावरच्या खिडकीतून काय दिसतं?"
"काय दिसनार? खाडी. मुंब्र्याचा डोंगर."
"त्याच्यामागे?"
"मागे लांबवर मलंगाचा. सकालीच दिसतं, मग धूर. लग्नाआधी जत्रेला जायचो तिथं चालत."

दिसतो! काकींना (माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या आहेत) तो रोज चहा करताना दिसतो, आणि मी इकडे येऊरकडे तोंड करून ओरडते आहे.

खिडकी मागायला जीभ रेटेना. नोटीस आठवत राहिली.

२९ जाने., गुरु.

मागितलं. आधी म्हटलं की पत्र जरा जास्तच कडक होतं, वॉकरपुरतं लिहायला हवं होतं. काकी म्हणाल्या, "कडक होता म्हनून तर मना आवडला." मग रेडिओचं सांगितलं. हा मोबाइल नाही, पैसे पडत नाहीत, इथून डोंगरावर आणि डोंगरावरून ठाकुर्लीला.
"ठाकुर्लीला फोन लागत नाय का तुमचा?"
"लागतो. पण फोनवर एकच जण ऐकतो. रेडिओवर सगळे ऐकतात."
त्यांनी विचार केला. "रविवारी तुमची मानसं घरी असतील."
"ठाकुर्लीला जाणार आहेत. माझं घर दाखवायला."
"तुमी नाय जानार?"
"मला नेत नाहीत."
कोलंबीची टोपली बाजूला ठेवली. म्हणाल्या, "चावी हाय माझ्याकडं. पन एक. तसाच एक कागद माझ्यासाठी लिवायचा. आमाला पार्किंग देतो बोललेवते जमीन घेताना, अजून नाय दिली. इंग्रजीत. दीड पान."
मी म्हटलं, दोन पानं लिहिते.

१ फेब्रु., रवि.

काकींच्या ओट्यावर वही ठेवून लिहिते आहे, घडलं तसं. तेल उडतंय.

केदार-अमृता आठलाच निघाले. जाताना केदारने विचारलं, "चहा ठेवलाय, अजून काही हवंय?" म्हटलं, माझं घर. त्याने डोळे मिटले, कुलूप लावलं. लिफ्ट खाली गेल्यावर काकींनी उघडलं.

खिडकीत उभी राहिले. खाडी, मुंब्र्याचा डोंगर, त्याच्या खांद्यावरून पुसट निळा सुळका. दाबलं, सोडलं. टिक. अगदी ठाकुर्लीसारखी.

साडेनऊला नेट सुरू झालं, डबके मधुमेहावर होते. श्वास घ्यायला थांबले तेव्हा शिरले. "ब्रेक." कॉलसाइन. "मागच्या रविवारच्या ठरावाला माझी हरकत आहे. तेव्हाही होती. ओव्हर."

मग सगळे एकदम, कोणाचंच कळेना. मग डबके, "ताई? ताई, तुम्ही एकदम साफ येताय! कुठून?" आणि ते उत्तराला थांबणार तोच साळवी मधे घुसले.

"ताई, बरं झालं आलात. मी सकाळपासून विचार करतोय विचारावं की नाही, म्हणजे आमच्या गॅलरीतून दिसतं, घार आज आलेली नाही, कारण काय तर..."
"साळवी, थोडक्यात."
"तुमच्या गच्चीवर तुमचा मुलगा आहे. हातात पाना आहे. अँटेना उतरवतोय, ओव्हर."

फोन लावला. वाजला, कापला. पुन्हा लावला. मेसेज आला, "आई, दहा मिनिटांत करतो."

खासगी निरोप नेटवर द्यायचे नसतात. परवान्याच्या नियमात बसत नाही, हे मीच नव्या लोकांना दरडावून सांगत आले. मोडला. बटण दाबलं आणि म्हटलं, "साळवी, हँडसेट घेऊन गच्चीवर जा. केदारला सांगा, आई नाही म्हणते आहे. विकायचं नाही, उतरवायचं नाही. मी रविवारी ज्या टेबलावरून बोलत होते त्याच टेबलावरून बोलणार आहे. एवढंच. ओव्हर."

"जातो ताई," साळवी म्हणाले. इतकं थोडक्यात ते आयुष्यात बोलले नव्हते.

डबक्यांनी (हे लिहून ठेवलं पाहिजे) सांगितलं, "सगळ्या स्टेशन्सनी फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा. ताईंचं काम चालू आहे." आणि खरंच गप्प बसले.

काकींनी मला स्टूल दिलं. "कं झालं?" म्हणून विचारलं. म्हटलं, माणूस पाठवलाय.

साळवी परत आले, धापा टाकत. "ताई, गच्चीवर आहे. सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. ते विचारतायत, आई बोलतेय कुठून? दाराला तर कुलूप आहे. ओव्हर."

सगळ्या नेटने ऐकलं असणार ते. कर्जतपर्यंत.

मी म्हटलं, "कुलूप आहे तिथेच आहे. मी समोरच्या घरात आहे. ओव्हर."

मग साळवी, हळू आवाजात, "सांगितलं. ते खाली बसलेत टाकीपाशी. एक नट निघालाय, तीन बाकी आहेत. पाना हातातच आहे. काय सांगू? ओव्हर."

"थांबा," म्हटलं. "त्याला वेळ द्या."

हँडसेटची बॅटरी एका काडीवर. काकी तळताहेत, मधे मधे खिडकीतून बघतात, तिथे काही दिसेल अशा. सुळका धुरात चालला आहे. फोन वाजलेला नाही.

कोणीही मधे बोलत नाही आहे.