आईनं नाव घेतलं नाही

नागपूर, नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप बाबा,
आम्हा दोघींचा नमस्कार. आईचा ताप उतरतो आहे, घोर लावून घेऊ नका.

इथे अतिदक्षता विभागात शुद्धीला गुण देतात. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं, सगळे मिळून पंधरा. परवा आई तापाच्या भरात असताना डॉक्टरीणबाईंनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर आई फटकन "रूपराव" म्हणाली. बोलण्याचे पूर्ण गुण मिळाले. मी मात्र त्या दिवशी जेवलेच नाही. जन्मात तिच्या तोंडून तुमचं नाव ऐकलं नव्हतं.

आज पुन्हा विचारलं. आईनं चादर पदरासारखी डोक्यावर ओढली आणि गप्प राहिली. बाईंनी बोलण्याचे गुण कापले. मी कारण सांगितल्यावर त्या हसल्या आणि त्यांनी ते परत दिले.

त्या गेल्यावर आई हळूच म्हणाली, "नलू, तुह्या बाबाले जेवाले कोण वाढून राह्यलं?"

यशोदाकाकू डबा देते ना? कापूस वेचायला बाया मिळाल्या का?

आज मी पोटभर जेवले. ताप पुन्हा चढू शकतो म्हणतात. म्हणून तिच्या ओठांकडे बघत बसते, तुमचं नाव येऊ नये म्हणून.

तुमची,
नलू