चमच्यातली रेघ

दि. ३ जानेवारी

चि. भाऊस ताईचे अ. उ. आ.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे अंगाने. घरात मात्र बोलणं बंद आहे.

वर्षभरापूर्वी कपडे धुण्याचं काम सूनबाईने माझ्या हातून घेतलं. कुठलंही पाकीट उघडल्याची नि संपल्याची तारीख मी वहीत लिहिते, हे तुला ठाऊकच आहे. साबणाच्या पावडरचं पाकीट मला छत्तीस दिवस पुरायचं, तिच्या हातात चोवीस दिवसांत खडखडाट. माणसं तेवढीच, कपडे तेवढेच. मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं, सुनेचा हात सैल. ते तिने वाचलं. म्हणाली, तुम्ही शिकवलेत तसे बादलीला दोनच चमचे घालते, कणभर जास्त नाही. मी विचारलं, मग पावडर काय मुंग्या नेतात? त्यात मागच्या नाल्यावर गुडघाभर फेस. पलीकडचा नर्सरीवाला त्याच पाण्यावर रोपं वाढवतो, ती करपतात म्हणून मला सुनावून गेला. तेही मी तिच्याच माथी मारलं.

आता चिरंजीव वेगळी खोली शोधताहेत. एका पाकिटापायी घर मोडतंय रे. चुकतंय कोण, तूच सांग.

आठवण ठेव, तब्येतीला जप.
तुझी ताई


दि. १० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवता जेवता वाचलं आणि घास तसाच राहिला. पाकिटातला तो पांढरा चमचा आमच्याच कारखान्यात होतो, नि त्याचा साचा मी बनवतो. दीड वर्षापूर्वी साबण कंपनीचा साहेब आला आणि म्हणाला, चमच्याचं तोंड तेवढंच ठेवा, तळ खोल करा. मी तीन दिवस खपून साचा कोरला, पाठ थोपटून घेतली. खोल कशाला, हे विचारायचं डोक्यात आलं नाही. माझ्या कामाने माझ्याच बहिणीच्या घरात भांडण लागेल, हे कुठे माहीत!

तू जन्मात काही टाकलेलं नाहीस. मिठाच्या बरणीत जुना चमचा असणारच, त्यावरून मी तुझी किती थट्टा केली आहे. दोन्ही चमचे पाण्याने भरून मोज. आणि मोजताना सूनबाईला समोर बसव. निकाल ऐकायला तीच हवी. भाच्याला सांग, मामाने बजावलंय, खोलीचा विसार देऊ नकोस.

रागावू नकोस, आशीर्वाद असू दे.
तुझा भाऊ


दि. २४ जानेवारी

चि. भाऊस अ. उ. आ.

मोजलं. जुने तीन म्हणजे नवे दोन, थेंबाचा फरक नाही. छत्तिसाचे चोवीस कसे झाले, ते सूनबाईने माझ्याआधी तोंडी हिशेब करून सांगितलं. आठ वर्षं वही लिहिली आणि संशय घेतला तो माणसावर, चमच्यावर नाही.

ती ओळ मी खोडली. पण तेवढ्याने भागणारं नव्हतं, कारण गच्चीवर कपडे वाळत घालताना चार जणींपाशीही मी तेच बोलले होते. म्हणून गच्चीवरच, सगळ्यांदेखत सांगितलं की हात सुनेचा सैल नव्हता, जीभ माझी सैल होती. ती माझ्या हातातली ओली चादर घेऊन पिळायला लागली.

बायकांना पटेना, कमी पावडरने मळ निघेल कसा? मग सूनबाई पुढे सरसावली. सारख्याच मळक्या दोन चादरी तिने धुतल्या, एकीला जुना चमचा, दुसरीला नवा. वाळल्यावर ओळखा म्हणाली. कुणालाच ओळखता येईना. खालच्या शिक्षिकाबाईंनी छातीठोकपणे जी जास्त पांढरी म्हणून दाखवली, ती कमी पावडरची निघाली! लगेच हिने नेलपॉलिशची बाटली आणली, जिच्यावरून मी महिनाभर टोमणे मारले होते, आणि बावीस घरांच्या चमच्यांत आतून जुन्या मापावर लाल रेघ ओढून दिली. तेविसावा चमचा कंपनीला धाडलाय, सोबत माझ्या आठ वर्षांच्या तारखांची नक्कल आणि बावीस सह्या. पत्रात तुझा उल्लेख नाही, निर्धास्त राहा.

देव तुला सुखी ठेवो.
तुझी ताई


दि. २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज तोच साहेब पुन्हा आला. खिशातून चमचा काढून माझ्यापुढे ठेवला, आत नेलपॉलिशची रेघ! हसू आवरेना, म्हणून खोकल्याचं सोंग केलं. तो वैतागून सांगत होता, कुठल्याशा बाईने आठ वर्षांच्या तारखा पाठवल्यात, वरच्यांनी त्या खोट्या पाडायला स्वतः मोजून पाहिलं, तर त्या खऱ्याच निघाल्या. आता चमच्यात रेघ हवी, आणि पाकिटावर छापायचं की रोजच्या कपड्यांना रेघेपर्यंतच. मी विचारलं, रेघ नेमकी कुठे? म्हणाला, त्या बाईने ओढलीय तिथेच.

ताई, साचा मीच कोरतोय, आणि या वेळी कशासाठी ते मला माहीत आहे. दिवसाला चाळीस हजार चमचे निघतील, प्रत्येकात तुझ्या सुनेची रेघ असेल. तिला मामाची शाबासकी सांग.

पायांवर डोकं ठेवतो.
तुझा भाऊ


दि. ११ जून

चि. भाऊस अ. उ. आ.

नाल्यावर आता फेस नाही, तळातले गोटे दिसतात. नर्सरीवाला या खेपेला भांडायला नाही, दोन कुंड्या घेऊन आला. चिरंजीव मलाच विचारतात, आम्ही कधी खोली बघत होतो?

वही मी सूनबाईकडे सोपवली आहे. हल्ली भांड्यांच्या साबणावरून तीच मला बोलते, आणि मी ऐकून घेते. रेघेच्या चमच्याचं पहिलं पाकीट तिने ४ मेला उघडलं. काल ते संपलं. तिने तारीख लिहिली, वही माझ्यासमोर उघडी ठेवली आणि आत गेली. मी बोटांवर दोनदा मोजलं. सदतीस दिवस, भाऊ! माझ्यापेक्षा एक जास्त. देवाला हात जोडले, मागचं पान उलटलं आणि त्या खोडलेल्या ओळीखाली लिहिलं, सून सासूला वरचढ. खाली सही केली.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझी ताई