खुर्ची मोडली ती उन्हाने

जानेफळ

प्रिय गोविंदराव,

'प्रिय' लिहायचा हक्क मला अजून मिळालेला नाही, हे ठाऊक आहे. तुमचे बाबा आमच्या बैठकीत खुर्चीसकट कोसळले आणि आपली सोयरीक तिथेच अडली. आता आमच्या घरी त्या दिवसाचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

तुमच्या बाबांना वाटतं, आम्ही मुद्दाम मोडकी खुर्ची दिली. माझे बाबा म्हणतात, चिखलीला एवढं दुकान थाटून तुमचे बाबा माणिकराव असला माल विकतात. कारण ती प्लास्टिकची खुर्ची तुमच्याच दुकानातली होती, आणि "तुमचीच हाय, बसा बिनधास्त" म्हणत माझ्या बाबांनीच त्यांना तिच्यावर बसवलं होतं. आता दोघेही हट्टाला पेटलेत.

मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा थोडं सहन करा. आम्ही एकाच दिवशी दोन खुर्च्या घेतल्या होत्या. एक घरात राहिली. तिच्यावर काल मी आणि आई दोघी मिळून बसलो, तरी तिने हूं की चूं केलं नाही. दुसरी मात्र तीन वर्षं कपाशीच्या बांधावर होती. वेचणीवर लक्ष ठेवताना बाबा तिच्यावर बसत. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत राहतात. बीटी कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी शिरते तेव्हाही बोंड वरून हिरवंगारच दिसतं ना, तसंच. खुर्चीवर पांढुरकी भुकटी धरली होती. पण पाहुणे जास्त झाले, म्हणून आईने ती घासूनपुसून, वर भरतकामाची चादर टाकून मानाची केली.

म्हणजे माल वाईट नव्हता आणि आमच्या मनातही काही नव्हतं. दोष उन्हाचा, आणि उन्हाला दोष दिला तर कुणालाच कमीपणा नाही. एवढं तुम्ही तुमच्या बाबांना सांगा, माझ्या बाबांना मी बघते. पुढच्या वेळी सगळ्यांसाठी सतरंजी अंथरू.

आता एवढी खटपट कशासाठी, तेही सांगते. त्या दिवशी "मले पाडाले बलावलं काय?" म्हणत तुमचे बाबा हात झटकून जमिनीवरच बसून राहिले आणि सगळे तोंड लपवून हसत होते. तेव्हा तुम्ही नव्या पँटची पर्वा न करता त्यांच्या शेजारी खाली बसलात आणि तिथूनच पोह्यांची बशी मागितलीत. मी दाराआड उभी होते. लग्न करायचं तर याच माणसाशी, हे मी तिथेच ठरवलं. तुम्हाला नकार द्यायचा असेल तर जरूर द्या, पण तो तुमचा असू द्या, खुर्चीचा नको.

तुमची होऊ पाहणारी,
पुष्पांजली