म्हातारीचं बरोबर उत्तर

धुळे, गुरुवार संध्याकाळ, मार्च १९५४

दवाखान्यातून येऊन तास झाला, पण ते नाव डोक्यातून जात नाही.

धरणगावच्या एका आबांनी आज बायकोला तपासायला आणलं होतं. म्हातारी चूल पेटवून विसरते, घरची वाट चुकते. मी स्मरणशक्तीचे नेहमीचे प्रश्न विचारले. आज वार कोणता? हे गाव कोणतं? तिला काहीच सांगता येईना. मग विचारलं, नवऱ्याचं नाव काय? इथे आमच्याकडच्या बायका पदर तोंडाला लावतात, शेजारणीला सांगायला लावतात. म्हातारी मात्र सरळ म्हणाली, "नथू." भाजीवाल्याचं सांगावं तसं.

केसपेपरवर आबांचं नाव तेच होतं, मला बरं वाटलं. म्हणालो, "आबा, हे उत्तर बरोबर आलं."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "डाक्टरसाहेब, मन्हं नाव तिनी कधीच लिधं नही."

नथू. जन्मभर न घेतलेलं नाव किती सहज म्हणाली. या उत्तराला गुण द्यायचा की कापायचा?

आत्ता स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, पान वाढलंय." मी ओ दिलेली नाही. तिने पुन्हा एकदा 'अहो' म्हणावं म्हणून बसून आहे.