गौरीपुढचा पाट

चामराजपेट, ११ ऑगस्ट २०२५

चि. स्मृतीस, अ. उ. आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण आपल्या घरात फोन एकाला येतो आणि कान सगळ्यांचे टवकारतात. बेळ्ळंदूरच्या त्या ट्रॅफिकमधून तू निघालीस तर तुझ्याआधी पोस्टमन पोचेल, म्हणून पत्र.

ऑपरेशननंतर पोटाला शौचाची पिशवी लागली, तरी भूक, झोप सगळं सरी आहे, काही तक्रार नाही. ती कशी बदलायची ते तू हात धरून शिकवलंस, तुझे उपकार कसे फेडू? पण यंदा गौरीचा नैवेद्य मी करणार नाही. सूनबाईला, प्रणिताला, तसं सांगितलं. असलं पोट घेऊन सोवळ्यात कसं उभं राहायचं? लग्न होऊन आल्यापासून हा पाट सोडला नव्हता. फार रडू येतं गं.

तुला म्हणे नर्सिंगमधला विभाग निवडायचाय. तुझा बाप नागोजी आयसीयूसाठी हटून बसलाय.

तुझी सकवारआत्या

बेळ्ळंदूर, १६ ऑगस्ट

ती. सौ. आत्यांस, सा. न. वि. वि.

अण्णांना आयसीयू हवं, तिथून परदेश जवळ. मेट्रनबाई ऑपरेशन थिएटर सुचवतात. मला मात्र पिशवी लागलेल्या रुग्णांची खास नर्स व्हायचंय, तेही तुमची सेवा करताना कळलं. जन्मभर लोकांची घाण काढणार का, एवढं विचारून अण्णांनी अबोला धरलाय. दसऱ्याआधी सांगायचंय, पण त्यांना दुखवून हिंमत होत नाही.

आता तुमचं. पिशवीत जे आहे ते प्रणितावहिनींच्याही पोटात असतंच, आणि त्या सोवळ्यात उभ्या राहतात. तुमचं बाहेर दिसतं, एवढाच फरक. गौरीला हे ठाऊक नसेल का? सकाळी पिशवी बदला, स्नान करा, सोवळं नेसा. जड पातेली तेवढी वहिनींना उचलू द्या.

माया अशीच राहू द्या.

आपली स्मृती

चामराजपेट, ३ सप्टेंबर

चि. स्मृतीस, पोटभर आशीर्वाद.

नैवेद्य मी केला! पुरण, सोळा भाज्या, सगळं. पाटावर बसताना पिशवी दोनदा चाचपली, आरती सुरू झाली आणि भीती विसरले. प्रणिताने पातेलीच काय, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही, तेवढी तिला दम दे.

जेवताना तुझं ते पोटाचं बोलणं सगळ्या बायकांना सांगून टाकलं. सगळ्या हसल्या. पंगत उठल्यावर शेजारच्या यल्लव्वाने मला परसात गाठलं आणि ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्यालाही पिशवी आहे. लाजेनं दोन वर्षं तो घराबाहेर पडला नाही, आणि गल्लीत कुणाला पत्ता नाही. मी म्हटलं, रडू नको, माझ्या भाचीला विचारते.

नागोजी तिथेच हात धुवत होता. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी धसकले. त्याने हात पुसले आणि यल्लव्वाला विचारलं, रविवारी चालेल का, माझी मुलगी याच कामाची नर्स होणार आहे, मीच तिला घेऊन येतो.

तुला तो स्वतः सांगायचा नाही, म्हणून लिहिलं. रविवारी जेवायलाच ये.

तुझ्यामुळे पाटावर बसलेली,
आत्या