शेजारचाच शब्द येतो

मु. पो. झरी, जि. परभणी
शुक्रवार

आदरणीय सिताराम दाजींना सिद्धोधनचा सविनय जयभीम.

तुमची आणि रेणुकाताईची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. ताईच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू असेलच (बंद केलं असेल तर कळवू नका, मला इथं फिकिरी कमी नाहीत). गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर मी कसा आहे ते विचारलंत आणि मी ‘रेल्वे’ म्हणालो. तुम्ही फोन ठेवलात. मला ‘बरा’ म्हणायचं होतं. पण तुमचा आवाज आला की तुमचं नांदेड आठवतं, नांदेड आठवलं की स्टेशन, आणि डोळ्यांपुढं आलं ते तोंडातून निघून गेलं. म्हणून हे पत्र. हातातून शब्द सावकाश का होईना, खरे उतरतात.

दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना आतून टॉवेल मागायचा तर मी सतरंजी मागितली. सरजानं आणून दिली. (एकतीस वर्षांच्या संसारात बायकोनं माझ्या मागण्यांचं कारण विचारणं कधीच सोडलंय.) सतरंजीनं अंग पुसत बाहेर आलो तेव्हा कुठं तिला शंका आली. परभणीच्या दवाखान्यात कळलं, मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती. हातपाय शाबूत, अक्कल होती तेवढी जागेवर, पण बोलताना शब्द बदलून येतात. दाजी, मी तीस वर्षं शाळेत पोरांना समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द घोकून घेतले. एक शब्द चुकला की कान पिळायचो. आता माझा कान कुणी पिळावा?

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या अर्पिता मॅडम आहेत, वयानं आमच्या लेकीएवढ्या, सुकेशनीएवढ्या. त्यांनी एका मिनिटात येतील तेवढे प्राणी सांगा म्हटलं. मी शेळी, मेंढी, बोकड असं झकास सुरू केलं, पण बोकडावरून मटण आलं, मटणावरून मसाला, मसाल्यावरून पाहुणे, आणि मिनिट संपलं तेव्हा मी ‘जावई’ म्हणत होतो. मॅडम हसल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की डोक्यात शब्द शब्दकोशासारखे अआइई असे लावलेले नसतात. जे शब्द एकत्र वापरले, एकत्र ऐकले, ज्यांचा अर्थ किंवा आवाज जवळचा, ते एकमेकांना बांधलेले असतात. एकाला हलवलं की आजूबाजूचे दहा हलतात, आणि शाबूत मेंदू त्यातला नेमका एक निवडून बाकीचे नऊ खाली बसवतो. माझे नऊ बसायला तयार नाहीत. हे ऐकून सरजा म्हणाली, म्हंजे वर्गावर होते तसंच चाललंय.

दुकानात साखर मागितली की मीठ येतं. मीठ हातात पडताना मला पक्कं कळतं की हे चूक आहे, पण तोंड उघडलं की पुन्हा मीठच. अशी पाच पुडकी घरात झाली. गावातली माणसं आता माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायलेत, मी बहिरा झाल्यासारखं. माझ्याच हाताखाली शिकलेला सटवाजी परवा मला पारावर बोटानं दाखवून विचारत होता, सर, हे काय आहे? झाड. मला येत होतं. रागानं मी ‘सावली’ म्हणालो, आणि त्यानं मान हलवली. घरी येऊन दार लावून रडलो, ते तुम्हाला म्हणून सांगतो.

पण खरा घात पुढं झाला. पेडगावचे बालाजीराव त्यांच्या मुलासाठी सुकेशनीला बघायला आले. पोरापोरीची आधीच पसंती होती, नुसतं मोठ्यांचं बोलणं राहिलं होतं. मी एकच वाक्य चार दिवस पाठ केलं होतं: आमच्याकडून लग्नाला कसलीच हरकत नाही. चहा आला, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी स्वच्छ आवाजात सांगितलं, “आमच्याकडून मयताला कसलीच हरकत नाही.”

बालाजीरावांची ऐंशी वर्षांची आई समोरच बसली होती. तिनं पदर सावरला.

दुरुस्त करायला गेलो तर मंडप आला, पंगत आली, मेल्यानंतरचं पुण्यानुमोदन आलं. (विचार केला तर दोन्हीला माणसं तीच येतात, भातही त्याच पातेल्यात शिजतो. डोक्याला तरी किती दोष द्यावा?) शेवटी सुकेशनी आतून आली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा शब्द शोधायलेत. तुमी चहा घ्या, सापडंल त्यांना.” सापडला नाही. चहा घेऊन मंडळी उठली, कळवतो म्हणाली.

नऊ दिवस काही कळवलं नाही. मग निरोप आला की हे दुखणं पिढीजात तर नाही ना, आणि पुढचं बोलायला दुसरा कुणी वडीलधारा असेल तर बरं. दाजी, बाप घरात असून पोरीच्या लग्नात दुसरा बाप शोधायचा. असं जिणं काय कामाचं? असो.

ताईस नमस्कार.

तुमचा मेव्हणा,
सिद्धोधन

ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. या रविवारी पेडगावला जायचं आहे. तुम्ही माझ्या जागी बसून बोलावं. मी घरीच थांबतो.

ता.क. दाजी, मी सरजा. यांचं पत्र वाचलं. पोरगी म्हणायलीय, बाबा कसंबी बोलू द्या, माझ्या लग्नाचं बाबाच बोलतील, न्हाईतर मी येत न्हाई. तिनं पेडगावला फोन करून सांगितलंबी. ते लोक या म्हणाले. तवा तुमी बोलायला येऊ नका.

ता.क. वरचं अक्षर माझ्या घरच्यांचं आहे. एकतीस वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्या पत्रात लिहिलं, आणि एक शब्द चुकला नाही. मी वाद घालू शकत नाही. पत्र पोस्टानं पोचायला चार दिवस लागतील आणि रविवार परवा आहे, म्हणून सुकेशनी याचा फोटो काढून तुमच्या मोबाईलवर पाठवतेय. तरी या. बोलू नका, नुसते माझ्या शेजारी बसा.