नव्या टायरांवरचं लाल सील

४ ऑक्टोबर

नवे टायर मागे बसवले. मागे!

पुढचे दोन अगदी गुळगुळीत झाले होते म्हणून तर गेलो. मी, सूनबाई आणि मागच्या सीटवर नात. नातीला आम्ही पिपाणी म्हणतो, कारण सकाळी तोंड उघडलं की झोपेपर्यंत वाजतच असते. टायरवाल्यानं पुढचे गुळगुळीत काढून टाकले, मागचे अर्धे झिजलेले पुढे घातले आणि नवी कोरी जोडी मागे. मी विचारलं, हे काय? गाडी ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची, ब्रेकचा भारही पुढच्यांवर. मग नवे मागे कशाला? तर म्हणतो, "काका, दोनच घेतले की मागंच टाकायचे असतात." एवढंच. वर हसला. आणि सूनबाई मान डोलावत उभी!

तीस वर्षं विजेचे मीटर तपासले मी. समोरचा हसून "साहेब, असंच असतं" म्हणाला की मी आधी सील बघायचो. कुठंतरी पाणी मुरतंय.

५ ऑक्टोबर

टायरवर कडेला चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात बनला ते. खाली वाकून वाचले. माल ताजा आहे. म्हणजे निदान आकडे तरी ताजे आहेत.

७ ऑक्टोबर

समोरच्या घरातले ट्रकवाले आता घरीच असतात. त्यांना विचारलं. "नवे पुढंच हवेत. पुढचा टायर फुटला तर गाडी जाते कुठं, सांगा?" बघा! बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, गाडी ती चालवते, तिला कळतंय ना? तुम्ही कशाला नाक खुपसता?" सूनबाई रोज टेकडीवरच्या रस्त्यानं जाते. आधी पिपाणीची शाळा, मग तिचं ऑफिस. चिरंजीव जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणार. मग लक्ष कुणी ठेवायचं? मीच ना?

८ ऑक्टोबर

काम फत्ते.

सूनबाईची सुट्टी होती. दुपारी ती आणि ही दोघी झोपल्या. किल्ली खिळ्यावर. माझं लायसन अजून जिवंत आहे म्हटलं. तिसऱ्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, जॅक लावला, नवे पुढे, जुने मागे. अर्धा तास. याला म्हणतात कामाचा माणूस.

घरी आणून सील मारलं. सूनबाईच्या नेलपॉलिशच्या बाटलीतला लाल रंग. टायर आणि रिम जिथे भेटतात तिथे अर्धा ठिपका इकडे, अर्धा तिकडे. दोन्ही नव्या चाकांना. कुणी टायर रिमवरून उतरवून बदलला तर ठिपका जुळणार नाही. मीटरला असंच करायचो. अंगठ्याच्या नखाला थोडा रंग लागलाय, रॉकेलनंही जाईना.

कुणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात? गाडी उलट आता जास्त सुरक्षित आहे.

११ ऑक्टोबर

सकाळपासून रिपरिप. सूनबाई अजून आली नाही.

१२ ऑक्टोबर

काल चाळीस मिनिटं उशीर. "ट्रॅफिक होतं," म्हणाली. तोंड पांढरंफटक. पिपाणी गप्प. पिपाणी आणि गप्प! जेवता जेवता झोपली.

आज सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बंपरवर चिखल, नंबरप्लेटच्या फटीत गवत. विचारलं तर म्हणे, "रिव्हर्स घेताना कडेला गेली बाबा." ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळीकडे फरशी आहे. गवत कुठून आलं?

मग तिनंच विचारलं, "बाबा, गाडीला कुणी हात लावला होता का?"

मी म्हणालो, "मी? छे!"

निघून गेलं तोंडातून. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी पेपर उचलला.

नंतर स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज. मी पाणी प्यायला गेलो तर एकदम विषय भाजीवर! इतकी वर्षं संसार केलाय, हिचा भाजीचा आवाज वेगळा असतो.

१३ ऑक्टोबर

सूनबाई पिपाणीला घेऊन बसनं गेली. गाडी दारात. संध्याकाळी मी फिरून आलो तर गाडी नाही! तासाभरानं सूनबाई घेऊन आली. कुठून आणली, सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

१४ ऑक्टोबर

सील बघितलं. पुढच्या चाकांना ठिपके नाहीत!

मग मागे गेलो. ठिपके मागे. अगदी जुळलेले. म्हणजे टायर माझेच, पण पुन्हा मागे नेऊन बसवलेत. म्हणजे तिला कळलं होतं. म्हणजे टायरवाल्याकडेच गेली असणार. आणि मला अवाक्षर नाही.

त्या माणसाचं तिच्यावर एवढं वजन का? आणि घरात मी कोण, भाडेकरू?

१६ ऑक्टोबर

पिपाणीनं चित्र काढलं. टेकडी, शाळा, घर, आणि आमची गाडी. गाडीचं तोंड शाळेकडे. वर पाऊस. मी म्हटलं, "अगं, घरी येताना गाडीचं तोंड घराकडे हवं ना?" म्हणाली, "तेव्हा असंच होतं." आणि चित्र पालथं घातलं.

पिपाणीला पण शिकवून ठेवलंय वाटतं.

१७ ऑक्टोबर

टायरवाल्याला जाऊन धरलं. सरळ विचारलं, माझ्या गाडीची चाकं कुणाला विचारून फिरवलीस?

चिडला नाही. हात पुसले. म्हणाला, "काका, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. पाय उचलला की परत हातात येते. मागची घसरली की शेपूट पुढं येतं. मग कितीही चांगला ड्रायव्हर असू द्या, हातात काही राहत नाही. म्हणून चांगली जोडी मागं."

मी म्हटलं, "ट्रकवाले तर म्हणतात पुढे."

"ट्रक वेगळा काका. त्याची ओढ मागून असते." मग म्हणाला, "तुमच्या सूनबाई आल्या होत्या. तुम्हाला काही बोलू नका म्हणाल्या. मी बोललेलो नाही."

काय बोलू नका? विचारलं. तो पान्हा घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला.

रात्रभर तेच डोक्यात. ती काहीतरी लपवतेय, एवढं नक्की. माझी नजर चुकत नाही.

१८ ऑक्टोबर, सकाळ

पिपाणीच्या बुटाची लेस बांधत होतो. कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ गाडी अख्खी गोल फिरली. आई खूप रडली. पण तुम्हाला सांगायचं नाही. आई म्हणाली, आजोबांना कळलं तर ते कधी जेवणार नाहीत."

लेस तशीच सुटली.

टेकडीवरच्या त्या टाकीजवळ एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मागच्या सीटवर पिपाणी. माझ्यामुळे. आणि सूनबाईनं आठवडाभर लपवलं ते माझंच.

बाहेर गेलो. ती गाडी पुसत होती. नुसता अंगठा पुढे केला, लाल नखाचा.

"माहितेय बाबा," ती म्हणाली. "गाडीचं विचारलं तेव्हाच बघितला. चला, आज तुम्ही पण बसा."

मागे बसलो, पिपाणीशेजारी.